कोणी बोलायचं नाही

९ जुलै १९७४

आज गंगू वावरात पडली. शाळा सुटून घरी आले तर ओट्यावर बायांचा हा घोळका, आणि मधे माझी धाकटी जाऊ आडवी. दात गच्च आवळलेले, मुठी वळलेल्या, श्वास भात्यासारखा चाललेला. निंदताना उठली आणि उभ्याउभ्याच कोसळली म्हणे. शेजारची मोतीबाई तिच्या नाकाला चप्पल लावून बसली होती. मी ती चप्पल हिसकावून अंगणात भिरकावली आणि मोठ्याने सांगितलं, "उन्हाचं आहे. दुसरं काही नाही." आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. पण मास्तरणीला माहीत नाही म्हणता येत नाही.

मोतीबाई चप्पल शोधत पुटपुटली, "देवी हाये वो माय. तुमी किती बी नाही म्हना."

थोड्या वेळाने गंगू उठली, तोंड धुतलं आणि चुलीशी गेली. भाकरी नेहमीसारख्याच झाल्या होत्या.

११ जुलै

मामंजींनी काल संध्याकाळी सगळ्यांना बसवलं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरचे देव टोपलीत घालून नदीत सोडणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस म्हणजे पुंजाजी, माझे सासरे. त्यांच्या आईच्या अंगात यायचं. ती घुमायला लागली की लोक हात जोडून विचारायचे, "बोल माय, काय पायजे?" आणि ती कोंबडं मागायची, नवं लुगडं मागायची. घरात दाणा नसला तरी मिळायचं. मामंजींना ते अजून आठवतं, आणि त्याची अजून चीड येते.

"ज्याले इचारसान थेच बोलते," ते म्हणाले. "म्हनून आजपासून ह्या घरात कायदा. गंगूले झटका आला का कोनं बोलाचं नाही. काय झालं म्हनून बी नाही. उठून बाहीर जाचं. इचारनारं नसलं का आपोआप जाईन."

मला पटलं. वर्गात एखादं पोर हट्टाने रडतं, तेव्हा मीही त्याच्याकडे पाहत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. मामंजी खूश झाले. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, काही बोलल्या नाहीत. गंगू तेव्हा भांडी घासत होती, तिने ऐकलं असेलच.

३० जुलै

गंगूला घेऊन वाशीमला गेले. मी हट्टच धरला, डॉक्टरीणबाईंनाच दाखवायचं. ग्यानबा भावजींनी, तिच्या नवऱ्याने, तोंड वाकडं केलं, पण मामंजींनी मान हलवली.

बाई भल्या वाटल्या. गंगूला विचारलं, झोप लागते का? मी सांगितलं, लागते. भूक? बरी आहे. पाळी? वेळेवर येते. घरात कोणी त्रास देतं का? मी म्हटलं, छे, आमचं घर सुधारलेलं आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट तुम्ही का त्या?" मी हसले. गंगूला चारचौघांत बोलता येत नाही, कोणीतरी बोलायला हवंच.

तपासून झाल्यावर म्हणाल्या, ही मिरगी नाही आणि सोंगही नाही. मनावरचा भार फार झाला की अंग असं बोलतं. श्वास वाढतो, हातपाय आवळतात, छाती दडपते. त्याच्या आधी पुष्कळ दिवस खुणा दिसत असतात. डोकं चढतं, झोप मोडते, पोट बिघडतं, पाळी मागेपुढे होते, बारीकसारीक गोष्टींनी जीव वैतागतो. आपण त्या पाहत नाही. रोज थोडा विसावा द्या. मनातलं बोलायला माणूस द्या. श्वास वाढला की शेजारी बसून सावकाश घ्यायला लावा.

जाता जाता मी माझी दाढ दाखवून घेतली. महिनाभर सकाळी उठलं की जबडा ठणकतो. बाई म्हणाल्या, दाढ चांगली आहे, झोपेत दात खाता का? मी म्हटलं, मी मास्तरीण आहे, दिवसाही कोणाला खात नाही. त्या हसल्या नाहीत.

येताना एसटीत गंगू खिडकीशी बसली होती. मेडशी आली तरी बाहेरच पाहत होती. मी विचारलं, "बरं वाटतं ना आता?" ती म्हणाली, "हो." म्हणजे औषधाआधीच गुण आला.

२ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंचं सांगणं अक्षरशः पाळायचं ठरवलंय. गंगूचं वावरातलं निंदण बंद. घरीच बसायचं. बसून होणारीच कामं सांगितली आहेत. दळण, डाळ पाखडणं, गोधडी शिवणं, माझी लेक सुनंदा आणि स्वतःच्या दोन पोरी सांभाळणं, मामंजींना पाणी-चिलीम. पाणी भरायला तेवढं उठावं लागतं. विहीर काही लांब नाही.

गंगूला विचारलं, आवडलं का? म्हणजे मीच म्हटलं, आता आराम आहे बुवा तुझा. ती हसली.

१९ ऑगस्ट

पुन्हा झटका. या वेळी मी समोरच होते, म्हणून शास्त्रीय पद्धतीने लिहून ठेवते. वेळ सकाळची, शाळेला निघायची घाई. मी आतून हाक मारली, "गंगू, सुनंदाचा झगा कुठेय?" मामंजींनी ओसरीवरून पाणी मागितलं. ग्यानबा भावजी गोठ्यातून ओरडले, "गंगे, दावं कुठं ठेवलं वं?" तिन्ही हाका एकदमच गेल्या. चुलीवर तव्यात भाकरी होती. गंगू उठली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खाली बसली. मग तेच. दात, मुठी, भाता.

हाका मारल्याने कोणी आजारी पडत असतं तर मी कधीच मेले असते. वर्गात साठ पोरं दिवसभर बाई-बाई करतात.

कायदा पाळला. सगळे उठून बाहेर गेलो. आत्याबाई उंबऱ्यात अडखळल्या. मामंजींनी "भागिरथे!" म्हणून दरडावलं तेव्हा निघाल्या. भाकरीचा कोळसा झाला.

१४ सप्टेंबर

दसऱ्याच्या दिवशी आमच्या अंगणात धम्मचक्र दिनाची सभा आहे. या वर्षी भाषण माझं! विषय, अंगात येणं आणि अडाणीपणा. मेडशीपासून किन्हीराजापर्यंतची माणसं येतील. मामंजी दिवसातून दोनदा विचारतात, लिहून झालं का. आमच्या घरातली पहिली नोकरदार बाई मी, मी चुकले तर घर चुकलं. सुनंदाचे बाबा अकोल्याला एसटीत कंडक्टर आहेत, महिन्यातून दोनदा येतात. त्यांनी तर डेपोत सगळ्यांना सांगितलंय.

पहिलं वाक्य झालं आहे: "अडाणी बायांच्या अंगात येतं, शहाण्या बायांच्या येत नाही." छान आहे. पण पुढे सरकत नाही. शाळेची तपासणीही याच महिन्यात. वर्गात खडू मोडतात हातात. परवा एका पोराला फेकून मारला, लागला नाही, पण ते इतकं दचकलं की मलाच लाज वाटली. केस विंचरताना गळून गुंतेच्या गुंते हातात येतात. रक्त कमी असेल. दाढेत लवंग धरून ठेवते.

२ ऑक्टोबर

ग्यानबा भावजींनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. दसरा झाला की गंगूला शेलूबाजारला तिच्या माहेरी नेऊन सोडणार. पोरी इथेच राहतील. परत आणायची नाही.

"सारं गाव हासून राह्यलं," ते म्हणाले. "पुंजाजीनं देव बुडवले अन् देवी सुनेच्या आंगात निंगाली म्हनते. सभेच्या आंगनात हे झालं त मी तोंड कुठं दाखवू?"

मामंजी गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार. गंगू दाराआड होती. तिची धाकटी पदर ओढत होती, आणि ती पदर सोडवून घेत नव्हती.

खरं लिहायचं तर गंगू गेली तर सुनंदाला कोण पाहणार, माझी शाळा कशी होणार, हाच विचार माझ्या डोक्यात पहिला आला. दुसरा विचार, सभा तरी सुरळीत होईल. तिच्या पोरींचा विचार तिसरा आला. लिहिल्यावर हा क्रम वाईट दिसतो, पण आला तसा लिहिला.

१६ ऑक्टोबर

आज घट बसले. आमच्याकडे नाहीत, पण देवळाकडे संध्याकाळपासून डफडं सुरू झालं. गंगू परातीत पीठ मळत होती. मी वरच्या पट्टीत सुनंदाला पाढे म्हणायला लावले, डफड्यापेक्षा मोठ्याने. काही उपयोग झाला नाही. गंगूचे हात पिठातच थांबले, खांदे डोलायला लागले, आणि ती कलंडली.

आम्ही उठलो. ग्यानबा भावजी आधीच अंगणात. आत्याबाई मात्र उठल्याच नाहीत. सरकत सरकत गेल्या आणि गंगूचं डोकं मांडीवर घेतलं. पिठाचे हात पदराने पुसले. आणि म्हणाल्या, "काय पायजे माय तुले?"

"भागिरथे!" मामंजी दारातून गरजले. "देवीले इचारून राह्यली? ह्या घरात?"

आत्याबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "देवीले नाही इचारून राह्यली. सुनेले इचारून राह्यली."

मी या घरात येऊन सहा वर्षं झाली, आत्याबाईंनी मामंजींना उलट उत्तर दिलेलं मी पाहिलेलं नाही. पुन्हा त्यांनी विचारलं, अगदी हळू. गंगूचा श्वास जरा उतरला. डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं आता लुगडं मागणार, नारळ मागणार. गंगू म्हणाली, "हाका नका मारू. जराशीक बसू द्या मले. कोनी हाका नका मारू."

एवढंच. मग झोपली.

१७ ऑक्टोबर

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मामंजी जेवले नाहीत. ग्यानबा भावजी म्हणतात, आता तर पक्कंच, विचारलं म्हणजे बोलावलंच. माझं भाषण अर्धं झालं आहे. रात्रभर जबडा ठणकत होता. गंगूने सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सडा टाकला होता.

मी आत्याबाईंना एकीकडे घेऊन म्हटलं, तुम्ही असं करायला नको होतं, लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, "देव सोडले थे बरंच झालं. मले त्यायचं बम भेव वाटे. पन वच्छले, बाईले कोनी काय पायजे म्हनून इचारे, थे तेवढंच होतं. देवासंगं आपन थे बी नदीत सोडून देल्लं."

यावर मी विवेकाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं बरोबर नाही, असं काहीतरी म्हणाले.

२० ऑक्टोबर

अक्षर वाकडं येतंय.

आज दुपारी अंगणात भाषणाची तालीम होती. मामंजी, भावजी, वस्तीतले चारपाच जण समोर. पहिलं वाक्य म्हटलं. दुसऱ्या वाक्याला छातीत धडधडायला लागलं. वाटलं, चढ चढून आल्यासारखं आहे, थांबेल. थांबलं नाही. बोटांना मुंग्या आल्या, ओठांना आल्या, जबडा असा आवळला की तोंड उघडेना. आता मरते, असं स्पष्ट वाटलं. खाली बसले का पडले आठवत नाही. मला आत आणून निजवलेलं आठवतं. डोळे उघडे होते, सगळं ऐकू येत होतं.

मामंजींचा आवाज आला, "उठा. कोनं बोलाचं नाही."

आणि सगळे उठून बाहेर गेले. एकेकाचे पाय दिसले, उंबरा ओलांडताना. मला ओरडायचं होतं की अहो, मला काही झालं आहे, हे तसलं नाही, मी वच्छला आहे! दात उघडत नव्हते. कायदा सगळ्यांनी नीट पाळला. मीच तर त्याला मान डोलावली होती. त्या रिकाम्या खोलीत छताकडे पाहत पडले असताना इतकी भीती वाटली, इतकी भीती वाटली, की ती लिहिता येत नाही. गंगूला असं किती वेळा सोडून आम्ही बाहेर गेलो, आणि मी ते लिहून ठेवलं, शास्त्रीय पद्धतीने.

मग कोणीतरी आत आलं. शेणाचा वास आला, गोवऱ्या थापून आलेले हात. गंगू शेजारी बसली. माझी मूठ उलगडायला लागली, एकेक बोट. म्हणाली, "बाई, सावकाश. त्या डाक्टरीणबाईनं सांगतलं होतं नं, तसा घ्या. माह्यासंगं घ्या." तिने श्वास घेतला, सोडला. मी घेतला. किती वेळ गेला कोण जाणे.

मग तिने विचारलं, "काय पायजे, बाई?"

मला रडू फुटलं. लहान पोरासारखी रडले. काय पाहिजे ते मला सांगताच येईना. सगळ्यांची उत्तरं माझ्याजवळ असतात, माझं एक नव्हतं. ती डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "राहू द्या. मले बी पयल्यांदा सांगता नाही आलं."

२१ ऑक्टोबर

आज शाळेत रजा टाकली. मामंजींपुढे बसले. 

म्हटलं, "मामंजी, काल माझ्या अंगात देवी आली होती का?"

"काय बोलून राह्यली तू?"

"नव्हती ना? मग गंगूच्याही नव्हती. माझ्या डोक्यावर सभा होती, तपासणी होती. तिच्या डोक्यावर आपण सगळे आहोत. मीसुद्धा. तिला आराम द्या म्हणाल्या डॉक्टरीणबाई, तर मी तिला दळण दिलं."

ग्यानबा भावजी मधे पडले, "वयनी, तुमचं येगळं. तुमी नौकरी करता."

"मी नोकरी करते कारण ती माझी पोर सांभाळते!" आवाज चढला माझा. मोतीबाई कुंपणावरून ऐकत होती, ऐकू दे. "तिला माहेरी पाठवायचीच असेल तर विसाव्याला पाठवा, पोरींसकट. टाकायला नाही. टाकणार असाल तर मी दसऱ्याला बोलणार नाही, आणि का बोलत नाही ते उभी राहून सांगेन."

भावजी उठून गेले. मामंजी पुष्कळ वेळ काठीने जमिनीवर रेघा मारत राहिले. मग म्हणाले, "माही माय बी कोंबडं आलं का एक घास खाये. बाकीचं आमाले वाढे."  मला त्याचा अर्थ हो असा लागला नाही, पण नाही असाही लागला नाही.

२५ ऑक्टोबर

सभा झाली. पहिलं वाक्य खोडलं होतं. उभी राहिले, आधी सावकाश श्वास घेतला, लोकांना वाटलं मी विसरले. मग म्हटलं, देवी येत नाही. पण बाईला जे होतं ते खरं असतं. तिच्यापाशी बसा, तिला विचारा. पुढचं सगळं पाठ केलेलं गेलं डोक्यातून. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या खुणा सांगितल्या, डोकं चढणं, झोप मोडणं, पाळी चुकणं. पुरुष खाली पाहायला लागले. टाळ्या थोड्याच पडल्या. मागे बायांत कुजबुज झाली ती मात्र बराच वेळ थांबली नाही.

सुनंदाचे बाबा म्हणाले, भाषण आखूड झालं. डेपोत काय सांगणार ते?

२७ ऑक्टोबर

गंगू पोरींना घेऊन शेलूबाजारला गेली. मामंजी स्वतः फाट्यापर्यंत गाठोडं घेऊन गेले. ग्यानबा भावजी आले नाहीत. परत आणायला जाणार का विचारलं तर म्हणाले, पाहू. हे "पाहू" मला झोपू देत नाही.

६ नोव्हेंबर

या घरात हाका किती मारतात! वच्छले पाणी, वहिनी दावं, आई झगा, वच्छले मीठ. मी शाळेत जाते तेव्हा आत्याबाई सुनंदाला पाहतात, आणि दळण मी पहाटे करते. काल विहिरीवरून दुसरी खेप आणताना जबडा आवळल्यासारखा झाला. कळशी खाली ठेवली आणि बांधावर बसले. घरून हाक आली. उठले नाही. चार श्वास घेतले. पुन्हा हाक आली. तरी बसून राहिले. काही बुडालं नाही, फक्त मामंजींना पाणी स्वतः घ्यावं लागलं. घेतलं त्यांनी.

भावजी दोन दिवस वाढलेलं खाऊन मुकाट उठतात. आज म्हणाले, "भाकर जाड झाली." मी म्हटलं, "तिला घेऊन या, तिच्याकडून शिकते." त्यांनी उठून सायकलीला तेल घातलं.

१२ नोव्हेंबर

शाळेला दिवाळीची सुट्टी. दुपारी अंगणात वेचून आणलेला कापूस पसरत होते, तर फाट्याकडून सायकलीची घंटी. भावजी पुढे, सायकल हातात, धाकटी दांडीवर. मागे थोरलीचा हात धरून गंगू. तब्येत सुधारली होती, गालावर मांस दिसत होतं. सुनंदा ओरडत पळाली. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "गंगू, बरं झालं आलीस, ते..." आणि मी तिथेच थांबले. ओठांवर आलेलं काम गिळलं. काय काम होतं ते आता आठवतही नाही.

ती दारात उभी राहिली, गाठोडं काखेत. मामंजी ओसरीवर, आत्याबाई उंबऱ्यात, भावजी सायकल भिंतीला लावत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, तिच्याच बोलीत, कारण माझ्या पुस्तकी मराठीत ते मला आलं नसतं. "गंगू, काय पायजे तुले?"

ती गोंधळली. सासऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.  मग गाठोडं खाली ठेवून तिने पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत धूळ.

"पाय धुवाले पानी द्या, बाई," ती म्हणाली.

आमच्याकडे बाहेरून आलेल्या पुरुषांना आणि पाहुण्यांना दारात पाय धुवायला पाणी देतात. घरची सून आत जाऊन स्वतः घेते. इतक्या वर्षांत माझ्याकडे तिने काही मागितलं ते हे पहिलंच. मी तांब्या भरायला आत गेले, तर आत्याबाई मागून म्हणाल्या, "वच्छले, जरासंक कोमट करून दे."

चुलीवर पाणी ठेवलं. ती ओट्यावर बसून राहिली, आणि पाणी तापेपर्यंत कोणी तिला हाक मारली नाही.